‘द सायलेंट वर्ल्ड’ शाळेत दाखवावा का?

वज्रेश्वरी परिसरातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणारे माझे एक स्नेही आहेत. काही महिन्यांपूर्वी त्यांचा फोन आला. ‘‘सर, आम्ही शाळेत स्कूबा मंडळ काढतोय. उद्घाटनाच्या दिवशी मुलांना एखादा चित्रपट दाखवावा म्हणतो. कुस्तोंचा ‘द सायलेंट वर्ल्ड’ कसा वाटतो?’’

वज्रेश्वरीहून समुद्र दिसत नाही. हे गाव महाराष्ट्राला माहीत आहे ते चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेशी नाते सांगणाऱ्या देवीच्या देवळामुळे, आणि अकलोली-गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडांमुळे. तिथे स्कूबा मंडळ कशाला, असे माझ्या मनात आलेच. सरांची कल्पना अशी : दिवाळीच्या सुट्टीत मालवणला सहल न्यायची, ज्या पालकांना खर्च झेपेल त्यांच्या मुलांना पाण्याखाली एक बुडी मारायला मिळेल, बाकीच्यांनी किनाऱ्यावरून समुद्र पाहायचा आणि चित्रपट पाहायचा. ‘‘मुलांनी समुद्र आतून पाहिला की त्यांचं त्याच्यावर प्रेम बसेल,’’ सर म्हणाले, ‘‘आणि प्रेम बसलं की ती त्याला जपतील.’’

हे वाक्य आपण सगळेच कधी ना कधी बोलतो. जंगलाच्या सहली, पक्षिनिरीक्षण, आकाशदर्शन या सगळ्यांमागे हाच विश्वास असतो. पण तो खरा आहे का? सरांनी निवडलेला चित्रपट मी या निमित्ताने पुन्हा लक्षपूर्वक पाहिला, आणि माझ्या लक्षात आले की या विश्वासाची परीक्षा घ्यायला याच्याइतके चांगले साधन दुसरे नाही. म्हणून हा लेख.

चित्रपटाची ओळख

‘द सायलेंट वर्ल्ड’ म्हणजे निःशब्द जग. जाक-इव्ह कुस्तो आणि लुई माल या दोघांनी दिग्दर्शित केलेला हा फ्रेंच चित्रपट 1956 साली प्रदर्शित झाला. माल तेव्हा पंचविशीतही नव्हते. त्याच वर्षी कान महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि पुढे सर्वोत्तम माहितीपटाचे ऑस्करही. कानचे ते पारितोषिक पुन्हा एखाद्या माहितीपटाला मिळायला 2004 साल उजाडावे लागले.

‘कॅलिप्सो’ ही महायुद्धात सुरुंग शोधण्यासाठी बांधलेली नौका. ती कुस्तोंनी संशोधनासाठी सजवली आणि भूमध्य समुद्र, तांबडा समुद्र, इराणचे आखात आणि हिंदी महासागर असा प्रवास केला. म्हणजे चित्रपटातला बराचसा समुद्र आपल्या शेजारचाच आहे. कथा अशी काही नाही. नौका एका जागेहून दुसरीकडे जाते, माणसे पाण्यात उतरतात, काही पाहतात, वर येतात.

सुरुवातीच्या दृश्यात हातात पेटत्या मशाली घेतलेले पाणबुडे एकामागून एक निळ्या पाण्यात खोल उतरत जातात. मशालींतून बुडबुड्यांचे लोट वर येत असतात. आज पाण्याखालची चित्रे दूरदर्शनवर रोज दिसतात, तरी हे दृश्य पाहताना श्वास रोखला जातो. 1956 सालच्या प्रेक्षकाला काय वाटले असेल याची कल्पना करावी.

विज्ञानशिक्षकाच्या उपयोगाचे

या चित्रपटात पदार्थविज्ञानाचे निदान तीन तास सहज सापडतात.

पहिला तास रंगांचा. पाण्यात लाल प्रकाश सर्वांत आधी शोषला जातो. पाच-दहा मीटर खाली गेले की लाल रंग जवळजवळ संपतो आणि सगळे निळे-करडे दिसू लागते. जखमेतून येणारे रक्तसुद्धा खोल पाण्यात हिरवट दिसते. कुस्तोंच्या माणसांनी प्रखर दिवे खाली नेले तेव्हा करड्या वाटणाऱ्या भिंती लाल-केशरी स्पंजांनी मढलेल्या निघाल्या. वस्तूचा रंग हा तिच्यावर पडणाऱ्या प्रकाशावर अवलंबून असतो, हे फळ्यावर सांगण्यापेक्षा इथे दाखवणे किती सोपे आहे!

दुसरा तास दाबाचा. समुद्रात दर दहा मीटरला दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. पृष्ठभागावर एक, दहा मीटरवर दोन, तीस मीटरवर चार. औषधाच्या दुकानात मिळणारी बिनसुईची सिरिंज घ्या, दट्ट्या दहा मिलिलिटरवर ठेवा, तोंड बोटाने घट्ट बंद करा आणि दट्ट्या पाचवर येईपर्यंत दाबा. आतली हवा आता दहा मीटर खोलीवर पोचली. सोडून द्या, ती पुन्हा दहावर येते. बॉइलचा नियम मुलांच्या बोटांना कळतो.

नदीकाठच्या मुलांच्या दृष्टीने याचा एक फार महत्त्वाचा भाग आहे. ही मुले दम धरून बुडी मारण्यात पटाईत असतात. वर घेतलेली हवा खाली दाबली जाते आणि वर येताना पुन्हा मूळ आकाराची होते, म्हणून दम धरण्याने फुप्फुसे फाटत नाहीत. पण स्कूबाच्या सिलिंडरमधली हवा त्या खोलीच्या दाबानेच मिळते. दहा मीटरवर छातीभर श्वास घेऊन, तो रोखून वर आले, तर ती हवा दुप्पट व्हायला पाहते आणि फुप्फुस फाटू शकते. म्हणजे घरी शिकलेला ‘दम सोडू नको’ हा नियम स्कूबात जीवघेणा ठरतो. कोणतेही मंडळ काढणाऱ्या शिक्षकाला हा फरक आधी समजलेला असला पाहिजे.

तिसरा तास विरघळलेल्या वायूंचा. चित्रपटात एक पाणबुडा शेवंडांच्या मागे फार वेळ खाली राहतो आणि घाईने वर येतो. त्याला पोलादी कोठडीत बंद करून पुन्हा दाबाखाली ठेवतात. दाबाखाली रक्तात व स्नायूंत जास्त विरघळलेला नायट्रोजन दाब एकदम कमी झाला की बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. सोड्याची बाटली हळू उघडणे आणि झटकन उघडणे यांतला फरक दाखवला की मुलांना हे पटते.

जाता जाता एक चूक दुरुस्त करू. आपण सर्रास ‘ऑक्सिजनचा सिलिंडर’ म्हणतो. मनोरंजनासाठी बुडी मारणाऱ्यांच्या सिलिंडरमध्ये साधारणतः दाबलेली साधी हवा असते. शुद्ध प्राणवायू सहा-सात मीटरच्या खाली विषारी ठरू लागतो. कुस्तो आणि एमिल गान्याँ या अभियंत्याने 1943 साली केलेली खरी करामत सिलिंडरमध्ये नव्हती, ती झडपेत होती. पाणबुड्याने श्वास ओढला की ती झडप त्या खोलीच्या दाबाइतकीच हवा देते.

ज्या दृश्यांपुढे थांबावे लागते

आता चित्रपटाची दुसरी बाजू पाहू.

एका प्रवाळखडकापाशी कॅलिप्सोची माणसे पाण्यात सुरुंग लावतात. निवेदक सांगतो की मासेमारीसाठी असे करणे हा विध्वंस आहे, पण एखाद्या भागातल्या सगळ्या जातींची मोजदाद करायला शास्त्रज्ञांपुढे हा एकच मार्ग आहे. स्फोट होतो. मेलेले मासे गोळा केले जातात. फुगलेला एक केंड मासा तडफडत हवा सोडतो, कॅमेरा ते जवळून टिपतो.

पुढे स्पर्म व्हेलच्या कळपात नौका शिरते. एक पिल्लू पंख्याच्या पात्यांनी कापले जाते. त्याला मारून दुःखातून सोडवतात. रक्ताच्या वासाने मुशी जमतात आणि मेलेल्या पिल्लाचे लचके तोडू लागतात. मग नौकेवरच्या माणसांचा राग मुशींवर निघतो. आकड्यांनी ओढून, कुऱ्हाडींनी मारून त्या डेकवर टाकल्या जातात. खलाशांना मुशींचा द्वेष असतोच, असे समर्थन ऐकू येते. पिल्लू मुळात कोणाच्या पंख्याने कापले, हे तेव्हा कोणालाच आठवत नाही.

याशिवाय एक पाणबुडा समुद्री कासवाला धरून त्याच्याबरोबर फिरतो. कासव फुप्फुसाने श्वास घेते, त्याला वर यावे लागते, हे त्याला ठाऊक नाही असे नाही. बेटावर महाकाय कासवांच्या पाठीवर माणसे खुशाल बसतात. ‘जोजो’ नावाचा एक मोठा हेकरू मासा पाणबुड्यांच्या हातून मांस खाऊन इतका सलगीचा होतो की कामात अडथळा येऊ लागतो; मग त्याला पिंजऱ्यात कोंडतात. हा प्रसंग विनोदी म्हणून घेतला आहे आणि मुले त्याला हसतात.

सरांनी आणि मी मिळून नववीच्या एका तुकडीला हा चित्रपट आधी दाखवून पाहिला. सुरुंगाच्या दृश्याला वर्ग गप्प झाला. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, ‘‘माझ्या मामाच्या गावाला नदीत जिलेटिनच्या कांड्या टाकून असंच मारतात.’’ थोडे थांबून त्याने विचारले, ‘‘सर, मोजायला मारलं तर चालतं का?’’

या प्रश्नाचे उत्तर चित्रपटात नाही. तिथेच त्याची खरी त्रुटी आहे.

‘तेव्हा तसेच होते’ एवढे पुरेसे आहे का?

अशा दृश्यांचा बचाव ‘त्या काळी तशीच समज होती’ असा करतात. त्यात तथ्य आहे. 1956 साली समुद्र अथांग, म्हणून अक्षय असे जवळजवळ सगळ्यांनाच वाटत होते. पण मुलाचा प्रश्न काळाबद्दल नव्हता, पद्धतीबद्दल होता. तो विज्ञानाच्या कसोटीवरच तपासून पाहू.

स्फोटाने मारून केलेली मोजणी ही एकदाच होऊ शकते. त्या जागी पुढच्या वर्षी काय बदलले हे कळण्याची शक्यता त्या मोजणीनेच संपवली. शिवाय सगळे मेलेले मासे तरंगत नाहीत. पुष्कळसे बुडतात, खडकांच्या फटींत राहतात. म्हणजे ती यादीही पुरी नव्हे. आज प्रवाळखडकावर मोजणी कशी करतात? तळाशी ठरावीक लांबीची फीत अंथरतात, पाणबुडा तिच्या कडेने हळूहळू पोहत दिसतील ते मासे पाटीवर नोंदतो, आणि तीच फीत त्याच जागी पुढच्या वर्षी पुन्हा अंथरतात. 1997 साली सुरू झालेल्या ‘रीफ चेक’ या उपक्रमात तर शास्त्रज्ञ नसलेले, पण शिकवून तयार केलेले पाणबुडे ही नोंद करतात. पद्धत साधी आहे. तिला लागतो तो धीर, आणि त्याच जागी परत येण्याची तयारी.

मुलाला उत्तर द्यायचे तर असे देता येईल : नमुना घ्यावा लागतो, विज्ञानात तो घेतलाही जातो, पण ज्या मोजणीने पुढची मोजणी अशक्य होते ती वाईट मोजणी.

कुस्तोंच्या बाबतीत एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ते या चित्रपटापाशी थांबले नाहीत. 1960 साली भूमध्य समुद्रात किरणोत्सारी कचरा टाकण्याच्या योजनेला त्यांनी जाहीर विरोध केला. 1973 साली समुद्ररक्षणासाठी संस्था काढली. 1991 च्या ज्या कराराने अंटार्क्टिकातले खाणकाम रोखले, त्यासाठी त्यांनी जगभर सह्या गोळा केल्या. 1997 साली त्यांचे निधन झाले. हा बदल कशाने झाला? तारुण्यात पाहिलेल्या भूमध्य समुद्रातल्या जागा वर्षांनंतर ओसाड झालेल्या दिसल्या, हे त्यांनी पुढे वारंवार सांगितले. म्हणजे पहिल्या दर्शनाने प्रेम बसले होते, पण त्या प्रेमाने सुरुंग थांबला नाही. तीच जागा दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा पाहिल्यावर, तुलना करता आल्यावर दृष्टी पालटली.

सरांच्या वाक्यात मला एवढीच दुरुस्ती सुचवायची आहे. पाहिले की प्रेम बसते, हे खरे. प्रेम बसले की माणूस जपतो, हे आपोआप घडत नाही. कॅलिप्सोवरच्या माणसांइतके समुद्रावर प्रेम त्या काळी दुसऱ्या कोणाचे होते?

शीर्षकाबद्दल

समुद्र निःशब्द आहे, हेही खरे नाही. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे 1500 मीटर वेगाने जातो, हवेच्या चौपटीहून अधिक. त्यामुळे दोन्ही कानांवर आवाज जवळजवळ एकाच वेळी पोचतो आणि माणसाला पाण्याखाली आवाजाची दिशा कळत नाही. पण आवाज असतात. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांचा माग काढणाऱ्या ध्वनियंत्रांना एका जातीच्या कोळंब्यांच्या नांगीच्या टिचक्यांचा कडकडाट सतत ऐकू येई. आपल्या बाजारात येणारे घोळ आणि ढोमी हे मासे ज्या कुळातले आहेत, त्या कुळातले मासे आपल्या वाताशयाजवळचे स्नायू कंप पाववून ढोलासारखा आवाज काढतात. मुलांना विचारा : जग निःशब्द आहे, की आपल्या कानांना ते ऐकू येत नाही?

दुसरा चित्रपट

माझे मत असे की ‘द सायलेंट वर्ल्ड’ जरूर दाखवावा, दृश्ये न गाळता दाखवावा, पण एकटा दाखवू नये. त्याच्या जोडीला एक भारतीय चित्रपट दाखवावा. माइक पांडे यांचा ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’. तो 2000 सालचा आहे, लांबीने छोटा आहे आणि योगायोगाने त्याच्याही नावात शांतता आहे.

व्हेल शार्क हा जगातला सर्वांत मोठा मासा. नावात व्हेल असले तरी तो मुशीच, आणि स्वभावाने निरुपद्रवी. तोंड उघडून पोहायचे आणि पाणी गाळून त्यातले सूक्ष्म जीव खायचे, हे त्याचे जगणे. गुजरातच्या किनाऱ्यावर त्याला आकडे मारून, आकड्यांना पिंपे बांधून दमवीत आणि किनाऱ्यावर ओढून आणून कापीत. यकृताचे तेल लाकडी होड्यांना लावण्यासाठी जाई, मांस परदेशी जाई. पांडे यांच्या कॅमेऱ्याने हे सारे टिपले.

दोन्ही चित्रपटांत मुशी मारल्या जातात. रक्त दोन्हीकडे आहे. फरक कुठे आहे ते मुलांनाच शोधू द्यावे. माझे उत्तर असे : पहिल्या चित्रपटात मारणे हा रंजक प्रसंग आहे, दुसऱ्यात तो पुरावा आहे. पहिला कॅमेरा मारणाऱ्यांच्या पाठीशी उभा आहे. दुसरा साक्षीदार म्हणून उभा आहे. पहिल्यातली पाण्याखालची छायाचित्रकला कितीतरी श्रेष्ठ आहे. पण मे 2001 मध्ये भारत सरकारने व्हेल शार्कला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात घातले, त्यामागे या दुसऱ्या चित्रपटाचा मोठा वाटा होता.

तरी कायद्याने सगळे भागले नाही, हेही सांगायला हवे. 2004 साली गुजरातेत मोठी मोहीम निघाली. मोरारी बापूंनी लोकांना सांगितले की हा मासा म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे. त्याला ‘व्हाली’, म्हणजे लाडकी, असे नाव मिळाले. जाळे कापून मासा सोडणाऱ्या कोळ्याला जाळ्याची भरपाई मिळू लागली. त्यानंतर शेकडो व्हेल शार्क सोडले गेले. महाराष्ट्रानेही 2018 साली संरक्षित सागरी प्राणी सोडवताना फाटलेल्या जाळ्यासाठी 25,000 रुपयांपर्यंत भरपाईची योजना सुरू केली. कोळ्याने प्राणी सोडतानाचे छायाचित्र काढायचे, ते पुरावा म्हणून द्यायचे.

इथे मुलांचे लक्ष एका गोष्टीकडे वेधावे. हे मासे वाचवणाऱ्या कोळ्यांना त्यासाठी स्कूबाची गरज पडली नाही. कोकणातल्या वेळासला समुद्री कासवांची घरटी राखणाऱ्या गावकऱ्यांनाही पडली नाही. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्गमित्र’ संस्थेने 2002 पासून तिथे चालवलेले काम वाळूवर चालते. अंडी किती, घरटे कोणत्या दिवशी, पिल्ले किती निघाली, याच्या नोंदी ठेवून.

मग मालवणला जाऊ नये का?

जरूर जावे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात प्रवाळ आहेत. 1987 साली तिथे मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र सुमारे 29 चौरस किलोमीटर. ते जाहीर झाले तेव्हापासून स्थानिक मच्छीमारांचा त्याला विरोध राहिला. आपल्याला न विचारता आपल्या समुद्रावर रेघ ओढली, ही त्यांची तक्रार. सहलीला गेलेल्या मुलांनी एक तास पाण्यात घालवला, तर एक तास मच्छीमारांशी बोलण्यातही घालवावा. ते ऐकल्याशिवाय संरक्षण म्हणजे काय हे त्यांना कळणार नाही.

बुडी मारायची तर तिचे नियम हेच संरक्षणाचे पहिले धडे आहेत. प्रवाळ हा दगड दिसतो, पण त्याचे वरचे आवरण जिवंत असते. हात लावायचा नाही. पायातल्या वल्ह्यांनी उडवलेला गाळ त्याच्यावर बसतो. होडीचा नांगर प्रवाळावर पडला तर वर्षानुवर्षांची वाढ क्षणात मोडते, म्हणून होडी बांधायला कायमचा तरंगता गोळा आहे का, हे विचारावे. मासे जवळ यावेत म्हणून पाव टाकला जात असेल, तर जोजोची आठवण करून द्यावी. चित्रपटातला तो विनोद तिथे विनोदी वाटणार नाही.

आणि जे प्रवाळाला सर्वांत जास्त छळते ते बुडी मारणाऱ्याच्या हातात नसते. पाणी नेहमीपेक्षा एखाद्या अंशाने जास्त तापून काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ आपल्या ऊतींतली शैवाले बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. अशी जगभर पसरलेली चौथी लाट चालू असल्याचे 2024 साली जाहीर झाले. ते कारण सुंदर फोटोत दिसत नाही. ते तापमापकावर दिसते.

तानसेपासून सुरुवात

म्हणून मी सरांना सुचवले की मंडळ काढा, पण पहिले वर्षभर कोणीही बुडी मारू नका. नाव हवे तर ‘समुद्र मंडळ’ ठेवा आणि काम तानसा नदीवर करा.

वज्रेश्वरीजवळून वाहणारी तानसा पुढे वैतरणेला मिळते, आणि वैतरणेची खाडी अर्नाळा आणि दातिवरे यांच्यामध्ये समुद्राला मिळते. वरच्या बाजूला 1892 साली पूर्ण झालेले तानसा धरण मुंबईला पाणी देते. म्हणजे नदीचे गोडे पाणी मुंबईच्या नळात जाते, आणि गावाच्या घाटावरची प्लॅस्टिकची पिशवी, साबणाचा फेस, निर्माल्य पाण्याबरोबर खाडीकडे जाते. समुद्र वज्रेश्वरीतून दिसत नसला तरी वज्रेश्वरी समुद्रापर्यंत रोज पोचते.

पांढऱ्या-काळ्या रंगात चार भाग रंगवलेली एक तबकडी दोरीने पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी होते ती खोली मोजायची. ही सेकीची तबकडी 1865 पासून समुद्रशास्त्रज्ञ वापरत आले आहेत, आणि ती पत्र्याच्या डब्याच्या झाकणाची होते. ती पुलावरून सोडावी म्हणजे कोणाला पाण्यात उतरावे लागत नाही. एक तापमापक. गरम कुंडांचे पाणी नदीत मिसळते तिथे वर आणि खाली तापमान किती बदलते? कोणत्या महिन्यात कोणते मासे बाजारात आले? घाटाच्या दहा मीटर लांबीत किती पिशव्या, किती बाटल्या? दर महिन्याच्या एकाच तारखेला, एकाच जागी, एकाच वहीत.

या कामात पैसे लागत नाहीत. उलट, ज्यांना मालवणचा खर्च झेपला नसता अशी मुले इथे पुढे असतील. नदीत हाताने मासे धरणारी, पाण्याचा रंग पाहून वर पाऊस झाला हे ओळखणारी मुले आपल्या वर्गात बसलेली असतात, आणि विज्ञानाच्या तासाला बहुधा गप्प असतात. सरांच्या पहिल्या योजनेत ती किनाऱ्यावर उभी राहणार होती.

पुढच्या वर्षी वहीत बारा नोंदी झाल्या की मालवणला जावे. तेव्हा पाण्याखाली कोण उतरले आणि कोण नाही, याने फारसा फरक पडणार नाही. नुसते ‘सुंदर’ म्हणून न थांबता ‘गेल्या वर्षी इथे किती होते?’ असे विचारणारी मुले सहलीला आलेली असतील.

शिक्षकांसाठी थोडक्यात

‘द सायलेंट वर्ल्ड’ आठवीच्या पुढच्या वर्गांना दाखवावा. लहान मुलांना मुशींचे दृश्य झेपणार नाही. चित्रपट सुमारे दीड तासाचा आहे. सुरुंगाच्या दृश्यानंतर तो थांबवावा आणि मुलांना बोलू द्यावे. आपले मत लगेच सांगू नये. दुसऱ्या दिवशी ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ दाखवावा आणि तीन प्रश्न लिहायला द्यावेत : कॅमेरा कोणाच्या बाजूला उभा आहे? मोजणी झाली का, आणि ती पुन्हा करता येईल का? ज्यांचे पोट या समुद्रावर आहे ते लोक चित्रपटात कुठे आहेत?

तिसऱ्या प्रश्नाला पहिल्या चित्रपटात जवळजवळ उत्तर नाही. कॅलिप्सो इतक्या किनाऱ्यांवरून गेली, पण तिथले लोक आपल्याला क्वचितच भेटतात. कलाकृती म्हणून त्याच्यातली ही मला सर्वांत मोठी उणीव वाटते, आणि आपल्या शाळांच्या निसर्गसहलींतही पुष्कळदा तीच असते.

सरांनी मंडळ काढले आहे. उद्घाटनाला दोन्ही चित्रपट झाले. मागच्या बाकावरच्या त्या मुलाकडे वही सोपवली आहे, असे त्यांनी परवा कळवले.